माळी घडतो कसा?

नव्या गृहसंकुलातल्या बागेची खरी परीक्षा तिसऱ्या उन्हाळ्यात होते. पहिल्या वर्षी बिल्डरचा कंत्राटदार हजर असतो; मेलेली रोपे गुपचूप बदलली जातात. दुसरे वर्ष पावसाच्या जिवावर निभावते. तिसऱ्या वर्षी एप्रिल लागला की टँकरच्या बिलावरून सोसायटीच्या सभेत आवाज चढतात. लॉनला पिवळे चट्टे पडलेले असतात, भिंतीलगतचे पाम शेंड्यापासून वाळू लागलेले असतात आणि कुंपणाजवळचे झाड थेट विजेच्या तारांना जाऊन भिडलेले असते. सगळे खापर माळ्याच्या डोक्यावर फुटते. त्या माळ्याला हे काम कोणी, कधी आणि किती शिकवले होते, हा विषय मात्र सभेपुढे कधी येत नाही.

‘सस्टेनेबल लँडस्केप’ हे शब्द आता प्रत्येक गृहप्रकल्पाच्या माहितीपत्रकात असतात. कमी पाणी, कमी खत, कमी फवारणी, देशी झाडे, जागच्या जागी मुरणारा पाऊस आणि बागेतच जिरणारा पालापाचोळा, असा त्याचा सरळ अर्थ. यातले बरेचसे नकाशावर काढता येते. पण नकाशा काढणारा त्या जागेवर फार तर वर्षभर येतो-जातो. माळी तिथे रोज असतो, पुढची पंधरा-वीस वर्षे. पाण्याचा कॉक किती वेळ उघडा ठेवायचा, फांदी कुठे कापायची, पाने झाडून पेटवायची की झाडाच्या बुडाशी पसरायची, हे तोच ठरवतो. म्हणजे बाग शाश्वत होणार की नाही, याचा निकाल त्याच्या हाती असतो. आपण शिक्षणाची सोय मात्र नकाशा काढणाऱ्यासाठी आधी केली. पाईप धरणाऱ्यासाठी ती फार उशिरा आणि तुटपुंजी झाली.

क्यू ते गणेशखिंड

बागकाम हा शिकून करायचा व्यवसाय आहे, ही कल्पना पुण्याला नवी नाही. लंडनजवळच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून तरुण माळ्यांना दिवसा वाफ्यात काम आणि त्याच्या जोडीला वनस्पतिशास्त्राची व्याख्याने, असे शिक्षण मिळू लागले. तिथे तयार झालेले माळी साम्राज्यभर पांगले. त्यांतले एक जॉर्ज मार्शल वुड्रो. पुण्यातल्या गणेशखिंड वनस्पती उद्यानाची सुरुवात १८७३ सालची. वुड्रो तिथले अधीक्षक होते आणि पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये वनस्पतिशास्त्र शिकवत होते. भारतातल्या बागकामावर त्यांनी लिहिलेल्या पुस्तकाच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. इथली माती, इथला पाऊस आणि इथला उन्हाळा धरून बाग कशी करावी, हा त्यांचा विषय.

वुड्रो यांच्याबरोबर काम करणाऱ्या रानडे नावाच्या वनस्पतिसंग्राहकाचे नाव सह्याद्रीतल्या एका देखण्या झुडपाला मिळाले आहे: ‘अब्युटिलॉन रानडेई’, मराठीत सोनघंटा. घंटेसारखी लोंबणारी, केशरी-पिवळसर फुले असलेले हे झुडूप जगात फक्त पश्चिम घाटात उगवते आणि आज तिथेही फार थोड्या ठिकाणी उरले आहे. शोभेसाठी परदेशी झुडपे मागवणाऱ्या शहराच्या नावावर असा ठेवा जमा आहे. गणेशखिंडचे उद्यान २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित झाले.

दुसरा धागा बडोद्याचा. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ साली गुस्टाव्ह हर्मान क्रुम्बीगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाला बडोद्यात आणले. ड्रेस्डेनजवळ उमेदवारी आणि मग क्यूमध्ये अनुभव, अशी त्याची तयारी होती. पुढे १९०८ साली तो म्हैसूर संस्थानात गेला आणि बंगळूरच्या लालबागेचा प्रमुख झाला. एका जातीच्या झाडांचा बहर ओसरला की दुसऱ्या जातीची झाडे फुलावीत, अशा क्रमाने रस्ते लावण्याची बंगळूरची पद्धत त्याच्या नावावर सांगितली जाते. त्याच्यामागून लालबागेची सूत्रे हाती घेणारे जवराय आणि पुढचे मरीगौडा हे दोघे भारतीयही क्यूमध्ये शिकून आलेले होते. बंगळूरला एकामागून एक शिकलेले हात मिळत गेले. त्या शहराची झाडांबद्दलची ख्याती हवामानाइतकीच या साखळीने कमावलेली आहे.

क्यूची आणखी एक गोष्ट इथे सांगायला हवी. १८९६ साली तिथे पहिल्यांदा स्त्रिया माळी म्हणून कामावर घेतल्या गेल्या. केंटमधल्या स्वॅनली येथील उद्यानविद्या महाविद्यालयातून त्या शिकून आल्या होत्या. काम पुरुषांसारखे, म्हणून पोशाखही तसाच, असा दंडक असल्याने त्यांना गुडघ्यापर्यंतच्या विजारी घालाव्या लागल्या आणि वर्तमानपत्रांना थट्टेचा विषय मिळाला. आपल्याकडे बागेत खुरपणी, निंदणी, झाडलोट आणि रोपवाटिकेतले पिशव्या भरण्याचे काम बहुतांशी बायकाच करतात. पण हजेरीपटावर त्यांची नोंद मजूर म्हणून होते. माळी म्हणवून घेण्याचा आणि माळ्याचा पगार घेण्याचा मान सहसा पुरुषाचाच असतो.

हाताला काय कळायला हवे

व्यावसायिक प्रशिक्षणात शिकवायचे असते तरी काय? घराण्यात मुरलेल्या माळ्याला हे सगळे ठाऊकच असते, असे म्हटले जाते. त्यातले काही खरे आहे. डोळा भरणे, गुटी बांधणे, पाचर कलम साधणे ही कामे पुस्तक वाचून येत नाहीत. ज्याच्या हाताला ती जमतात त्याच्या शेजारी बसूनच ती शिकावी लागतात. पण शहरातली बाग ही शेतासारखी नसते. तिथली जमीन उलथलेली, पाणी दुसऱ्याच प्रतीचे आणि जागा चहूबाजूंनी आवळलेली असते. तिथे वडिलोपार्जित ज्ञान अपुरे पडते.

मातीपासून सुरुवात करू. इमारत उभी राहताना जागेवरची चांगली माती खणून निघून जाते. वर्ष-दोन वर्षे जेसीबी आणि डंपर फिरून उरलेला मुरूम दगडासारखा दबतो. मग ताबा देण्याच्या सुमारास कुठल्याशा डोंगरउतारावरून खणलेली लाल माती वीतभर पसरून तिच्यावर लॉनचे गालिचे अंथरले जातात. वरून हिरवे दिसते, पण खाली पाणी मुरायला वाट नसते. प्रशिक्षित माणूस रोप लावण्याआधी दोन साध्या चाचण्या करतो. एक, फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरायचा, ते मुरले की पुन्हा भरायचा आणि दुसऱ्या वेळी पाणी किती वेळात उतरते ते पाहायचे. दिवसभर पाणी तसेच राहिले तर तिथे झाड लावणे म्हणजे त्याची मुळे कुजवणे. दुसरी चाचणी बाटलीची: काचेच्या बाटलीत तृतीयांश माती, वर पाणी, खळखळून हलवायचे आणि ठेवून द्यायचे. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयट्याला काही तास लागतात आणि चिकणमाती दिवसभर पाणी गढूळ ठेवते. तीन थरांची जाडी पाहिली की माती कोणती आणि तिला पाणी कसे द्यायचे, याचा अंदाज येतो. दोन्ही चाचण्यांना खर्च काहीच नाही.

पोडियमवरच्या बागा हा आणखी वेगळा प्रकार. तिथे माती स्लॅबवर असते. भिजलेल्या मातीचे वजन घनमीटरला पावणेदोन-दोन टनांच्या घरात जाते. म्हणजे दोन फूट मातीचा थर असेल तर प्रत्येक चौरस मीटरवर एक टनाहून अधिक भार. अशा जागी ‘थोडी माती अजून टाकू’ म्हणणारा माळी इमारतीच्या मुळावर येतो, आणि निचऱ्याचे भोक कचऱ्याने बुजले तरी ज्याच्या ध्यानात येत नाही तो खालच्या पार्किंगमध्ये गळती आणतो.

पाण्याचे गणित तर रोजचे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यासारख्या ठिकाणी लॉनमधून दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी उडून जाते, असे धरू. पाव एकर, म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर लॉनला रोज पाच हजार लिटर लागले. माणशी १३५ लिटर हे शहरी पाणीपुरवठ्याचे प्रचलित मानक लावले तर इतक्या पाण्यात सदतीस माणसांची गरज भागते. हा झाला हिशेबाने दिलेल्या पाण्याचा आकडा. पाईप सोडून चहाला जाण्याच्या पद्धतीत तो कुठल्या कुठे जातो.

हिशेबाने पाणी देणे हे हाताने शिकण्याचे काम आहे आणि त्यासाठी लागतात सात-आठ रिकामे डबे. सरळ भिंतीचे, सारख्या तोंडाचे डबे लॉनवर ठिकठिकाणी ठेवायचे, स्प्रिंकलर पंधरा मिनिटे चालवायचा आणि प्रत्येक डब्यातले पाणी फूटपट्टीने मोजायचे. समजा सरासरी चार मिलिमीटर भरले. म्हणजे तासाला सोळा. गरज पाचची असेल तर एकोणीस मिनिटे पुरे. तासभर चालवले तर गरजेच्या तिप्पट पाणी गेले. या चाचणीतून आणखी एक गोष्ट कळते. एका डब्यात दोन आणि दुसऱ्यात सात मिलिमीटर असेल, तर पिवळ्या चट्ट्याचे कारण एकूण पाणी कमी पडणे हे नाही. फवाऱ्याचे तोंड बुजले आहे किंवा दिशा चुकली आहे. न शिकलेला माळी अशा वेळी सगळ्याच लॉनचे पाणी वाढवतो. शिकलेला टाचणी घेऊन तोंड साफ करतो.

मोठ्या संकुलांत बागेला सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी दिले जाते, आणि ते योग्यच आहे. पण त्यात क्षार असतात. वर्षानुवर्षे तेच पाणी थोडे थोडे देत राहिले की मातीवर पांढरा थर धरतो, पानांच्या कडा करपतात आणि माळी त्यावर खत घालतो; खतही क्षारच, म्हणून दुखणे वाढते. अधूनमधून भरपूर पाणी देऊन क्षार खाली धुऊन काढणे, निचरा मोकळा ठेवणे आणि मातीची विद्युतवाहकता तपासून घेणे हा त्यावरचा उपाय. हे कुठल्याही पारंपरिक माळ्याला वाडवडिलांकडून मिळालेले नाही, कारण त्यांच्या काळी असे पाणीच नव्हते.

फांदी कुठे कापायची

झाडाच्या छाटणीत प्रशिक्षणाचा फरक सर्वांत लख्ख दिसतो. पावसाळ्याच्या तोंडावर शहरभर छाटणीची मोहीम निघते. ट्रकमध्ये उभा राहून कोयत्याने किंवा यांत्रिक करवतीने फांदी मध्येच तोडली जाते आणि वीतभर-हातभर खुंट मागे राहतो. काही वेळा शेंडाच उडवतात. त्याखालून फुटलेले धुमारे जोमदार दिसतात. पण ते खोडाच्या आतून आलेले नसतात, वरच्या थराला चिकटलेले असतात. चार-पाच वर्षांनी वजन वाढले की वादळात तेच आधी मोडून पडतात.

अमेरिकेच्या वनखात्यातले संशोधक ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडांची खोडे यांत्रिक करवतीने उभी चिरून पाहिली आणि १९७७ साली आपली मांडणी प्रसिद्ध केली. तिचा गाभा असा: माणसाची जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजलेल्या भागाभोवती आतून भिंती घालते, तो भाग कोंडून टाकते आणि पुढे नवे लाकूड वाढवते. ही भिंत घालण्याची यंत्रणा फांदीच्या बुडाशी, खोडाला लागून असलेल्या सुरकुतलेल्या फुगीर कडेत असते. कडेच्या आत कापले तर ती यंत्रणाच तोडली जाते. फार बाहेर कापले तर खुंट कुजत आत शिरतो. कडेला लागून, पण तिच्या बाहेर, हीच कापायची जागा.

मोठी फांदी तीन कापांत उतरवतात. पहिला काप खालून, खोडापासून फूटभर अंतरावर, जाडीच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्श्यापर्यंत. दुसरा वरून, त्याच्या थोडा पुढे. फांदी इथे मोडून खाली पडते आणि पहिल्या कापामुळे साल खोडापर्यंत सोलवटत जात नाही. मग वजन उतरलेला खुंट तिसऱ्या कापात कडेच्या बाहेर स्वच्छ काढायचा. कापावर रंग किंवा डांबर फासल्याने कूज थांबत नाही, हेही शायगो यांनी दाखवून दिले. हे सगळे शिकवायला एक दिवस पुरतो. हातात बसायला एक हंगाम लागतो.

महाराष्ट्रात शहरी झाडांसाठी १९७५ पासून स्वतंत्र कायदा आहे. महापालिकांत वृक्ष प्राधिकरण असते आणि त्याच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षाचा दर्जा दिला. परवानगीचा कागद पाहणारे त्यामुळे बरेच झाले. करवत धरणाऱ्याला कड म्हणजे काय ते कळते का, हे पाहणारे अजून थोडेच आहेत.

झाडांची निवड

झाडाच्या आयुष्यातली मोठी चूक बहुधा पहिल्या दिवशीच होते. नर्सरीत पिशवीत अडकून दोन-तीन वर्षे राहिलेल्या रोपाची मुळे आतल्या आत गोल फिरतात. ते तसेच लावले तर मुळे त्याच वेटोळ्यात जाड होत जातात आणि आठ-दहा वर्षांनी खोडाच्या बुडाला फास बसतो. चांगला माळी रोप घेताना पिशवी उचलून पाहतो, लावताना ती पूर्ण कापून काढतो, बाहेरची वेटोळी सुरीने उभी चिरतो आणि खोड जिथे मुळांकडे रुंदावते ती जागा जमिनीच्या पातळीवर ठेवतो. उंच देखणे रोप मिळत असतानाही तो कधी ठेंगणे, जाड बुंध्याचे रोप निवडतो, आणि गिऱ्हाईक नाराज होते.

जाती निवडण्याचा प्रश्न तर आणखी अवघड. पुण्याजवळ उरुळी कांचन आणि सोरतापवाडी इथे रोपवाटिकांची मोठी वस्ती आहे. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमहून ट्रकच्या ट्रक रोपे देशभर जातात. बाजारात जे मुबलक आणि झटपट वाढणारे तेच बागेत येते. शोभेसाठी आणलेल्या झाडांनी काय केले याचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोर आहे. सह्याद्रीचे उतार व्यापणारी घाणेरी एकोणिसाव्या शतकात शोभेचे झुडूप म्हणूनच कलकत्त्याला आली. नद्या गिळणारी जलपर्णी तिच्या फुलांसाठी आणली गेली. बागेत जमीन झाकायला आजही सर्रास लावला जाणारा पिवळ्या फुलांचा वेडेलिया जगातल्या शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहे. अलीकडचे उदाहरण कोनोकार्पसचे. वर्ष-दोन वर्षांत हिरवी भिंत उभी करते म्हणून हे झाड शहरोशहरी लावले गेले. मुळे जलवाहिन्यांत शिरतात आणि परागांचा श्वसनाला त्रास होतो, या कारणांनी २०२३ साली गुजरात सरकारने त्याच्या लागवडीवर बंदी घातली.

यावर ‘सगळी देशी झाडे लावा’ हे उत्तर सोपे असले तरी पुरेसे नाही. ताम्हण हे राज्याचे फूल, पण त्याचे मूळ घर ओढ्याकाठची ओलसर जमीन. पुण्याच्या उघड्या मुरमावर ते पाण्यावाचून रडतकढत जगते. तिथे बहावा, मेडशिंग, करंज तग धरतात. समुद्राकाठच्या खाऱ्या वाऱ्यात कोयनेलचे कुंपण निर्धास्त वाढते. वड कितीही देशी असला तरी मलवाहिनीपासून दहा फुटांवर तो लावू नये. देशी म्हणजे नेमके कुठले, किती मोठे होणारे, कुणाचे खाद्य असलेले, हे कळणारा माणूस हवा. राज्याचे फुलपाखरू असलेल्या ब्लू मॉरमॉनच्या अळ्या लिंबाच्या कुळातल्या झाडांवर वाढतात, हे माहीत असलेला माळी लिंबाच्या पानावर अळी दिसताच फवारणीचा पंप उचलत नाही.

शिक्षणाची शिडी

आज महाराष्ट्रात या विषयाचे शिक्षण कुठे मिळते? वरच्या टोकाला लँडस्केप आर्किटेक्ट. पाच वर्षांची वास्तुकलेची पदवी आणि त्यावर दोन वर्षांचे पदव्युत्तर शिक्षण. पुण्यातल्या भानुबेन नानावटी महाविद्यालयात त्याची सोय आहे. या व्यावसायिकांची देशपातळीवरची संघटना २००३ साली स्थापन झाली. त्यानंतर कृषी विद्यापीठे. राहुरी, अकोला, दापोली, परभणी या चार विद्यापीठांच्या छत्राखाली उद्यानविद्येची चार वर्षांची पदवी मिळते. पण महाराष्ट्रात उद्यानविद्या म्हटले की द्राक्ष, डाळिंब, आंबा, संत्रा, कांदा. अभ्यासक्रमाचा मोठा भाग त्यांचाच. बागरचनेच्या वाट्याला मोजके विषय येतात. फुलशेतीत पुढे शिकायचे तर पुष्पसंशोधनाचे राष्ट्रीय संचालनालय पुण्यातच आहे. तळेगाव दाभाडेच्या प्रशिक्षण केंद्राने पॉलिहाउसमधली फुलशेती शेकडो गावांत नेली. अर्थात तो उत्पादनाचा धंदा, बाग राखण्याचा नव्हे.

खालच्या पायऱ्यांवर दहावीनंतर आयटीआयमधला ‘फ्लोरिकल्चर अँड लँडस्केपिंग’ हा एक वर्षाचा ट्रेड आहे. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने फुलशेती आणि प्रांगण उद्यानाची पदविका मराठीतून, नोकरी-शेती सांभाळून करता येईल अशी आखली; काम करता करता शिकणाऱ्यांसाठी ही मोठी सोय ठरली. त्याखाली कृषी कौशल्य परिषदेचा ‘गार्डनर’ या कामाचा अल्पमुदतीचा अभ्यासक्रम, आणि ज्यांना काम येते पण कागद नाही त्यांच्यासाठी पूर्वज्ञानाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची योजना.

कागदावर शिडी पूर्ण दिसते, पण मधली एक पायरी निखळलेली आहे. वर आराखडा काढणारा, खाली खुरपे धरणारा. दोघांच्या मध्ये आराखडा वाचू शकेल, ड्रीपचे व्हॉल्व्ह उघडून दुरुस्त करील, चार माळ्यांना शिकवील आणि कीड ओळखून फवारणी टाळील असा पर्यवेक्षक सापडत नाही. परदेशात या माणसाला घडवायला वर्षे देतात. जर्मनीत माळी होण्यासाठी साधारण तीन वर्षांची उमेदवारी असते. आठवड्यातले एक-दोन दिवस शाळा, बाकीचे दिवस प्रत्यक्ष काम, आणि त्या काळात वेतन. व्यवसायाच्या सात शाखा आहेत: फळे, भाज्या, शोभेची फुले, बहुवर्षायू रोपे, वृक्षरोपवाटिका, बागबांधणी, आणि चक्क दफनभूमीतल्या बागा. पुढे परीक्षा देऊन ‘माइस्टर’ झालेला माळी स्वतः उमेदवार घेऊ शकतो. सिंगापूरने १९६३ साली झाडे लावण्याची मोहीम सुरू केली, १९६७ पासून स्वतःला उद्याननगरी म्हणवले. आणि केवळ झाडे लावून भागत नाही हे ओळखून २००७ साली नागरी हिरवाईच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र केंद्र काढले. लावणाऱ्या हातांपेक्षा राखणारे हात शहराला जास्त लागतात, हा त्यामागचा हिशेब.

शिकलेल्याला दाम

इथे एक अवघड प्रश्न येतो. शिकून उपयोग काय? बागेच्या देखभालीचे कंत्राट बहुतेक ठिकाणी दर चौरस फुटाला किंवा दर माणसामागे ठरते आणि सर्वांत कमी बोलीला मिळते. कंत्राटदार अकुशल मजुराचा दर लावतो. सहा महिने शिकलेल्याला आणि काल गावाहून आलेल्याला तोच पगार मिळत असेल, तर शिकण्यासाठी रोज बुडवणार कोण? प्रशिक्षण केंद्रे मग कागद वाटतात आणि कागद घेतलेली मुले सुरक्षारक्षकाच्या नोकरीला लागतात, कारण तिथे बसायला खुर्ची असते.

शिवाय आपण बागेचे काम मोजतो ते चुकीच्या मापाने. झाडलेले अंगण, कापलेली हेज, भरपूर पाणी पिऊन चकाकणारे लॉन म्हणजे चांगला माळी. झाडाखाली पाने पसरून ठेवणारा आळशी ठरतो. खरे तर त्याने मातीला आच्छादन दिलेले असते, बाष्पीभवन कमी केलेले असते आणि पुढच्या वर्षीचे खत तयार केलेले असते. २०१६ च्या घनकचरा नियमांनी बागेचा कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायला सांगितला आणि जाळायला मनाई केली. तरी फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ सुरू झाली की पहाटे धूर निघतोच. पुण्यात काही नागरिकांनी ‘ब्राऊन लीफ’ या नावाने जास्तीची पाने असणारे आणि हवी असणारे यांची गाठ घालून दिली. या उपक्रमाचा धडा माळ्यांपर्यंतही जायला हवा.

कंत्राटाच्या मसुद्यात चार-पाच ओळी बदलल्या तरी बरेच साधेल. दर महिन्याला बागेला किती पाणी लागले त्याची मीटरवर नोंद, आणि ते घटले तर बचतीतला वाटा माळ्याला. लॉनवरची डब्यांची चाचणी वर्षातून दोनदा, सोसायटीच्या सभासदांसमोर. छाटणी करणाऱ्यांत निदान एकजण वृक्षछाटणी शिकलेला. मेलेले झाड बदलून देण्याऐवजी ते का मेले याची लेखी नोंद. आणि माळ्यांच्या चमूत एक जागा प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची, अकुशल दराहून वेगळ्या पगारावर. महापालिकांनी आपल्या उद्यानांच्या निविदांत हीच अट घातली तर बाजार आपोआप वळेल, कारण शहरातल्या सर्वांत मोठ्या बागा त्यांच्याच आहेत.

खर्चाची भीती वाटते, पण हिशेब मांडून पाहावा. पाव एकर लॉनच्या रोजच्या पाण्यातले हजार लिटर एका शिकलेल्या माणसाने वाचवले, तर चार महिन्यांच्या उन्हाळ्यात एक लाख वीस हजार लिटर वाचतात. म्हणजे दहा हजार लिटरचे बारा टँकर. एक नीट कापलेली फांदी दहा वर्षांनी गाडीवर कोसळणारे झाड वाचवते, त्याची किंमत वेगळीच. सोसायटीच्या पुढच्या सभेत टँकरच्या बिलावर वाद होण्याआधी त्या बिलातला थोडा भाग माळ्याच्या शिकण्यावर खर्च करण्याचा ठराव मांडून पाहायला हरकत नाही. तो मंजूर झाला तर पुढच्या एप्रिलपर्यंत त्याचे पैसे वसूल झालेले असतील.